धोत्रा आणि माझा डावा डोळा

वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेल्या बाईनं धोत्रा तोडलेल्या हातानं डोळा चोळावा, मग डोळ्याची बाहुली मोठी झाली म्हणून आपल्याला मेंदूचा रोग झालाय असं परस्पर ठरवावं, आणि दोन दिवस गुपचूप मरणाची तयारी करत बसावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. ती बाई मी. धोत्र्यात अ‍ॅट्रोपीन नावाचं अल्कलॉइड असतं आणि ते डोळ्याची बाहुली पसरवतं, हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं. नुसतं लिहिलं नव्हतं, पट्टी लावून अधोरेखित केलं होतं. पण तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, आणि तेवीस वर्षांच्या मुलीला जे येतं ते ऐन वेळी आठवत नाही.

हे सगळं आत्ता वर यायचं कारण, गेल्या महिन्यात मोतीबिंदू दाखवायला गेले होते. तिथल्या मुलीनं डोळ्यांत थेंब टाकले आणि म्हणाली, "पाट्टी," (तमिळमध्ये आजीला पाट्टी म्हणतात) "आता बाहुली मोठी होईल. चार-पाच तास धूसर दिसेल. घाबरायचं नाही हं." मला जे हसू फुटलं ते थांबेना. नात मद्रासबाहेरच्या सिरुसेरीतल्या ऑफिसातून अर्धी रजा काढून माझ्याबरोबर आली होती. ती ओशाळली. "आजी, डोळ्यात ड्रॉप्स टाकल्यावर कोण हसतं?" तिला थोडक्यात सांगायला गेले तर ती म्हणाली, "नीट लिहून काढ. मी ट्रान्सलेट करून वाचते." घरातल्या मराठीची ही गत. पण लिहायला निमित्त मिळालं.

लग्न होऊन मी साताऱ्याहून मद्रासजवळच्या आवडी गावाला आले. नवरा संरक्षण खात्याच्या कारखान्यात, राहायला सरकारी क्वार्टर. सासर तंजावरकडचं, कित्येक पिढ्या तिथलेच. आई-वडिलांनी "मराठी घर आहे" एवढ्या एका गोष्टीवर मला दिली, आणि पहिल्याच दिवशी कळलं की यांचं मराठी बखरीतून उठून आलंय आणि चाल मात्र तमिळ. सासूला इथं अत्या म्हणायचं. अत्या मला म्हणाल्या, "ये गे, बैस. जेवण जाहलें?" मी इकडेतिकडे बघितलं, कोणी पेशवे-बिशवे आलेत का म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात त्याहून मोठा धक्का बसला. पहाटे अत्यांना दमा लागला. छातीतून पेटीच्या भात्यासारखा आवाज येत होता. मी पाणी घेऊन मागच्या पायरीशी गेले, तर नऊवारीतल्या, कपाळभर कुंकू लावणाऱ्या, सोवळंओवळं पाळणाऱ्या माझ्या सासूबाई डोळे मिटून विडी ओढत होत्या! मी त्याच दिवशी आईला पत्र टाकलं: सासू विडी ओढते. आईचं उलट टपाली उत्तर आलं: दारू पितात का तेही कळव.

विडी नव्हती ती. सावलीत वाळवलेलं धोत्र्याचं पान चुरून केळीच्या वाळक्या सोपटात गुंडाळलेलं होतं. अत्यांचे वडील तंजावरकडच्या एका गावात वैद्यकी करत, त्यांनी शिकवलेलं. इथं धोत्र्याला ऊमत्तै म्हणतात. दम लागला की चार झुरके घ्यायचे, घटकाभरात छाती मोकळी होते. पण पान अर्धंच. "अर्ध्याचे वर गेलें तर माणूस भिंतीशीं बोलूं लागतें," असं त्या मला सांगत. अर्धं म्हणजे कुठल्या पानाचं अर्धं, कोवळ्या की जून, कुठल्या महिन्यातलं, हे सगळं त्यांच्या बोटांत होतं. मी तेव्हा मनात म्हटलं, काय हा अडाणीपणा. (वाचणाऱ्यांनी याचा प्रयोग करू नये. तसली बोटं आता कोणाकडे नाहीत.)

दीड वर्ष मी त्या क्वार्टरमध्ये बसून होते. बी. एड.ही झाले होते, शिकवायची हौस होती. दोन शाळांत मुलाखती दिल्या, दोन्हीकडे तमिळ येत नाही म्हणून परत पाठवलं. तिसरी शाळा केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांची, इंग्रजी आणि हिंदीतून शिकवणारी. तिथं विज्ञानाची शिक्षिका म्हणून माझी निवड झाली. पत्रात अट होती की ठरलेल्या तारखेच्या आत वैद्यकीय तपासणीचा दाखला आणायचा, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. नवरा म्हणाला, "ही गेली तर दुसरी मिळायची नाही, बघ." मला ते सांगायची गरज नव्हती. ते पत्र मी उशीखाली ठेवून झोपत होते. तपासणीचा दिवस होता बुधवार. आणि सोमवारी गणेशचतुर्थी.

चतुर्थीला इथं मातीचा पिळ्ळैयार आणतात, त्याच्या डोक्यावर रंगीत कागदाची छत्री. फुलवाली पत्रीची जुडी देते. आदल्या वर्षीची जुडी मी तपासली होती, त्यात एकवीसऐवजी नऊच प्रकार होते आणि त्यातले दोन कढीपत्त्याचेच. त्या वर्षी मी जाहीर केलं, "पत्री मी आणणार. शास्त्रशुद्ध." सकाळी पिशवी घेऊन रेल्वेच्या कुंपणालगत हिंडले. आघाडा, माका, डोरली, रुई, प्रत्येकाचं लॅटिन नाव घेत तोडत होते. रस्त्यानं जाणारी माणसं वळून बघत होती. अठरा मिळाल्या. देवदार आवडीत कुठून आणणार? धोत्रा मात्र असा तरारलेला मिळाला की पानं, फुलं, वर काटेरी फळही घेतलं, डेख मोडून, चांगला चिकट रस हातावर घेऊन.

घरी येऊन पिशवी ताटात रिकामी केली. अत्यांनी लांबूनच बघितलं.

"ऊमत्तै हातानें तोडलीस? चिंच लावूनु हात धू. डोळ्यास लावूं नको."

"अत्या, ते पोटात गेल्याशिवाय बाधत नाही. अल्कलॉइड असतं ते. शास्त्र आहे."

"बरें. शास्त्राचेही हात धू."

मी धुतले नाहीत. पदराला पुसले. शिकलेली ना मी.

पूजा नवरा करत होता, मी एकेक पान हातात देत होते. कापराचा धूर झाला, डावा डोळा चुरचुरला, मी चोळला. चांगला मनापासून चोळला. मग आरती झाली, कोळुकट्टै म्हणजे इथले मोदक खाऊन झाले, आणि दुपारी मी साताऱ्याहून टपालानं आलेलं मासिक घेऊन आडवी झाले. अक्षरं पुसट. उजवा डोळा झाकला तर अक्षरंच नाहीत, नुसत्या मुंग्यांच्या रांगा. खिडकीचा उजेड टोचायला लागला. उठून आरशात बघितलं. उजवा डोळा नेहमीचा, तपकिरी. डावा अख्खा काळा! बाहुलीनं सगळी जागा खाल्लेली, कडेला तपकिरी रेघ तेवढी शिल्लक.

आता इथं ते अधोरेखित वाक्य आठवायला हवं होतं की नाही? नाही आठवलं. आठवले ते आमच्या गल्लीतले एक मास्तर. त्यांची एक बाहुली अशीच मोठी झाली होती आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. मेंदूत काहीतरी झालं होतं म्हणे. मी पलंगावर बसले आणि हिशेब केला: आज सोमवार, म्हणजे गुरुवार.

सांगायचं कोणाला? सांगितलं की इस्पितळ, इस्पितळ म्हणजे बुधवार हुकला, बुधवार हुकला म्हणजे नोकरी गेली. माझा त्या वेळचा विचार मी प्रामाणिकपणे लिहिते: मरायचंच आहे तर निदान शिक्षिका होऊन मरू. एवढं अचाट तर्कशास्त्र मला पुढे आयुष्यात कधी जमलं नाही.

मग लपवायचं कसं? त्याला मद्रास धावून आलं. डोळे येण्याला इथं सगळे 'मद्रास आय' म्हणतात, आणि ते झालेल्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं की आपल्यालाही होतं, अशी शिकल्यासवरल्यांचीसुद्धा ठाम समजूत. मी नवऱ्याचा काळा चष्मा चढवला आणि जाहीर केलं, "मला मद्रास आय झालंय." घर क्षणात रिकामं. नवरा चटई उचलून बाहेरच्या खोलीत गेला. अत्यांनी दाराबाहेरून विचारलं, "फार दुखतें?" आणि मी नाही म्हटल्यावर, "सेरी, बरें. मजकडे पाहूं नको," म्हणून ताट उंबऱ्यावर ठेवून, तोंड फिरवून गेल्या. जी बाई एका नजरेत ओळखणार होती, तीच बघेनाशी झाली. हुशारी बघा माझी.

दोन दिवस मी काळ्या चष्म्यातून छताकडे बघत वाटण्या केल्या. कांजीवरम बहिणीला. मोत्याच्या कुड्या आईला परत. नवऱ्यानं एक वर्ष तरी लग्न करू नये. मग वाटलं, सहा महिने चालतील, बिचाऱ्याला भात करता येत नाही. अत्यांसाठी काय ठेवावं ते सुचेना. शेवटी माझी वनस्पतिशास्त्राची वही त्यांना द्यावी असं ठरवलं, आणि आपल्याच मोठेपणानं मला रडू आलं.

बुधवारी सरकारी दवाखान्यात गेले. उंची, वजन, छाती, सगळं पार पडलं. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दाराशी बाकावर सहाजण होतो. आतून आवाज येत होता. लांबचा तक्ता वाचून झाला की हातात एक छोटं कार्ड देत आणि एकेक डोळा झाकून बारीक छापलेल्या चार ओळी मोठ्यानं वाचायला लावत. कावळ्याबद्दल काहीतरी होतं, इंग्रजीत. माझ्या आधी पाचजणांनी तो कावळा वाचला. माझी पाळी येईपर्यंत तो मला गणपतिस्तोत्रासारखा पाठ झाला होता.

डॉक्टर पन्नाशी उलटलेले, टेबलावर कॉफीचा टंबलर. लांबचा तक्ता जमला, उजव्या डोळ्यानं मी कावळा वाचला. मग उजवा झाकला, कार्ड हातात आलं, आणि डाव्यानं तोच कावळा खणखणीत म्हटला. स्वल्पविरामासकट. डॉक्टर कॉफीचा घोट घेत ऐकत होते.

"वाचन फार छान आहे, अम्मा," ते म्हणाले. "आता कार्ड सुलटं धरून वाचा."

त्यांनी ते मला उलटं दिलं होतं. दारात चष्मा काढताना मी तिरीप सोसेना म्हणून तोंड फिरवलं, ते त्यांनी बघितलं होतं.

बॅटरी आली. उजव्या डोळ्यावर, डाव्यावर, पुन्हा डाव्यावर. त्यांचा चेहरा बदलला. टंबलर बाजूला सरकवून त्यांनी हळू आवाजात विचारायला सुरुवात केली. डोकं दुखतं का, ओकारी झाली का, एकाचे दोन दिसतात का, पापणी जड वाटते का. माझा बांध फुटला. मास्तर, गुरुवार, काळा चष्मा, सगळं सांगितलं. कांजीवरमचंही सांगितलं असावं.

त्यांनी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला आणि म्हणाले, "ब्राझीलकडच्या एका झाडाच्या पानातलं औषध आहे. अर्धा तास बाहेर बसा." तो अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. मग पुन्हा आत. बॅटरी. डॉक्टर मागे रेलले.

"उजवी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली. डावी तसूभर हलली नाही. आत नसेत बिघाड असता तर तीही आवळली असती. कशानं तरी बाहेरून अडवून धरलंय तिला. परवा चतुर्थी झाली. घरात पत्री कोणी तोडली?"

मी म्हटलं, "मी."

"ऊमत्तै?"

तेव्हा कुठे ते वाक्य माझ्यापुढे उभं राहिलं. पट्टी लावलेल्या रेघेसकट. मी चाचरत म्हटलं, "अ‍ॅट्रोपीन."

"अरे वा! शिक्षण काय आपलं?"

मी सांगितलं. ते इतके हसले की बाहेरची नर्स डोकावून गेली.

मग मात्र त्यांनी मला बसवून घेतलं, आणि कॉलेजात तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. या कुळातल्या एका विलायती झाडाचा रस पूर्वी इटलीतल्या बायका मुद्दाम डोळ्यांत घालत, टपोरे दिसावेत म्हणून. "सुंदर दिसायच्या, पण समोरचा नवरदेव त्यांना धड दिसायचा नाही. लग्नं त्यामुळेच जमत असतील." डोळ्याचा पडदा तपासायला डॉक्टर लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच थेंब टाकत आले. त्यांच्या लहानपणी औषधाच्या दुकानात दम्यासाठी धोत्र्याच्या पानांच्या सिगारेटी डबीतून मिळत. मी अत्यांच्या अर्ध्या पानाचं सांगितल्यावर ते चटकन म्हणाले, "त्यांना घेऊन या. दम्याला आता याहून बरं मिळतं." आणि मग जरा थांबून म्हणाले, "मी तरुणपणी तंजावरकडच्या जिल्ह्यात मोठ्या वॉर्डात होतो. शेतावर फवारायचं औषध पिऊन लोक यायचे. त्यांना हेच टोचायचं, पुन्हा पुन्हा, रात्रभर. बारीक झालेली बाहुली रुंदावायला लागली की आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो, म्हणजे माणूस हाती लागतोय. आणि तुमची रुंदावली तर तुम्ही साड्या वाटायला काढल्या."

पण दाखला दिला नाही. "अशा डोळ्याला मी ठीक म्हणणार नाही. आपोआप उतरेल, पण आपल्या चालीनं उतरेल. पुढच्या बुधवारी या." माझी मुदत पुढच्या गुरुवारी संपत होती. "तोवर उतरलं नाही तर?" मी विचारलं. त्यांनी हात उघडे केले. "आणि कार्ड पाठ केल्याचं कागदावर लिहायचं की नाही, तेही मी बुधवारीच ठरवीन."

घरी येऊन अत्यांच्या पुढ्यात बसले आणि काळा चष्मा काढला. त्यांनी आधी तोंड फिरवलं. मी म्हटलं, "बघा, अत्या. मद्रास आय नाही." त्यांनी बघितलं. हनुवटी धरून उजेडाकडे वळवलं. मी मास्तरांपासून कांजीवरमपर्यंत सगळं सांगितलं, आणि त्या हसू लागल्या, इतक्या की त्यांनाच दम लागला, आणि मी धावत जाऊन त्यांचं अर्धं पान पेटवून आणलं. मरणाच्या दारातून आलेली सून सासूला विडी पेटवून देते आहे, हे आईला मी कधीच कळवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझा डोळा ताब्यात घेतला. रोज सकाळी मला मागच्या दारी, एकाच जागी, एकाच उजेडात उभं करायच्या. हातात वाटी, वाटीत दाणे. एकेक दाणा माझ्या गालाशी धरून बाहुलीशी ताडून बघायच्या. पहिल्या दिवशी वाटाणा. शुक्रवारी वाटाणाच. शनिवारी तूर. कुठलं औषध नाही, लेप नाही. मीच काही घाला म्हणाले, तर "घालूनु जाहलें तेंच पुरे," असं उत्तर आलं. रविवारी मिरी. माझ्या जिवात जीव आला. सोमवारी मिरी. मंगळवारी सकाळी मिरी, संध्याकाळी पुन्हा उभं केलं तरी मिरीच. त्या रात्री मी जेवले नाही. अत्यांनी आग्रहही केला नाही, नुसत्या शेजारी बसून राहिल्या.

बुधवारी उजाडताच दारात गेले. अत्यांनी मिरी धरली, टाकली. मूग धरला. बराच वेळ धरला. "मूग," त्या म्हणाल्या, "आणि वर कणभर."

त्या माझ्याबरोबर आल्या. डॉक्टरांनी बॅटरी मारली, कार्ड दिलं, सुलटं. या वेळी कावळा नव्हता, कापसाबद्दल काहीतरी होतं, आणि मी अडखळत, खरंखुरं वाचलं. कागदावर त्यांनी एक ओळ लिहिली, सही केली, शिक्का मारला. मी ती ओळ तिथंच उभ्यानं तीनदा वाचली. 'योग्य' एवढंच होतं. कावळ्याचा उल्लेख नव्हता. अत्यांना त्यांनी चिठ्ठी देऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथं मिळालेल्या गोळ्या त्यांनी घेतल्या, आणि दोनतीन वर्षं पानंही वाळवत राहिल्या. पुढं तोंडात फवारा मारायचा पंप आला. त्यातल्या एका औषधाचं मूळ याच अ‍ॅट्रोपीनमध्ये आहे, असं मी वाचून दाखवलं, तेव्हा त्या नुसतं "ठाऊक" म्हणाल्या. कसं ठाऊक, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

पण ते पुढचं. त्या बुधवारी आम्ही तशाच शाळेत गेलो, मी दाखला दिला, हजर व्हायचा कागद घेतला, आणि परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसलो. मी एकसारखी बोलत होते, पहिल्या तासाला काय शिकवीन, कुठली साडी नेसेन. अत्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. आवडी जवळ आलं तशा त्या माझ्याकडे वळल्या. आदल्या आठवड्यात एकदाही न दिसलेला राग त्यांच्या तोंडावर होता, आणि डोळे भरलेले होते. म्हणाल्या, "नोकरी मिळाली, बरें जाहलें. पण पुढच्या खेपेस मरायचें ठरवलेंस, तर आधीं मज विचार."